ताण

खड्डा तीन बाय तीन बाय तीन,
नर्सरीवाल्याने पावतीच्या मागे लिहून दिलं होतं.
वरची काळी माती एकीकडे, खालची चिकट दुसरीकडे,
बोरीची वाळू चार पाट्या, शेणखत दोन,
तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे,
कारण आमची जमीन पावसात पाय सोडत नाही
आणि वैशाखात हात जाईल एवढी उलते.

अमळनेर, चोपडा रोड, प्लॉट नंबर एकोणीस.
गेट आणि पाण्याची टाकी
यांच्यामधला सात फुटांचा तुकडा.
ह्यांना तिथे पत्रा टाकून गाडी ठेवायची होती.
म्हटलं, गाडी अजून घ्यायची आहे,
कांचन मी घेऊन आले.

नळ आठव्या दिवशी.
तरी त्याला कधी कमी पडू दिलं नाही.
तांदळाचं धुण, मेथीचं धुण,
कूलरच्या तळाचं गढूळ.
पारा सेहेचाळीसला टेकला त्या वर्षी
चार पऱ्हाट्या रोवून वर माझी सुती साडी बांधली.
दुपारी दोनला खिडकीतून बघायचे:
ते सावलीत, मी घामात.

पानं आली. काय पानं आली!
मधोमध चिरलेली, तळहाताएवढी.
दसऱ्याला गल्लीतली पोरं आपटा समजून ओरबाडायला आली,
मी काठी घेऊन पायरीवर बसले.
तिसऱ्या वर्षी फुलेल, म्हणाला होता.
तिसरं गेलं. चौथं गेलं.
पाचव्याला टाकीच्या वर डोकं काढून
हिरवंगार, धष्टपुष्ट,
आणि कळी एक नाही.

उखर्डू आबा भिंतीवरून बघायचे.
पारोळ्याकडे त्यांची लिंबाची बाग.
"पानी तोड, बहीन. झाडले तान दे जरासा.
खाई-पीसन सुखी शे, तो कसाले फुली?"
मी मान हलवली.
रात्री अर्धी बादली ओतलीच.

संक्रांत करून सुरतेला गेले, चारूच्या बाळंतपणाला.
तिला इकडे यायचं नव्हतं, तिथली डॉक्टरीण ओळखीची.
ह्यांना बजावलं, दिवसाआड एक बादली.
हो म्हणाले, पेपरातून.

तीन महिन्यांची तयारी करून गेलेली मी,
डिंक, खारीक, बाळशेपा, शेगडी.
रात्री बाळ कुसकुसलं
की तिच्या आधी मी उठायचे.
पाचव्या आठवड्यात ती म्हणाली,
भिंतीकडे तोंड करून,
"आई, तू थोडे दिवस जा आता.
मला जमतं का, ते मला कळू दे."
मी लाडवांचा डबा पुसत राहिले.
पुसलेलाच होता.

भुसावळच्या गाडीत बसले.
नंदुरबारला पथाऱ्यांवरच्या मिरचीचा ठसका आला,
डोळ्यांना निमित्त मिळालं.

गेट उघडलं.
एक पान नाही.
आळ्याला भेगा, बादली पालथी,
कडीला कोळ्याने घर केलेलं.
"अगं, राहूनच गेलं," हे म्हणाले.
मी वर बघितलं, काय बोलावं ते शोधायला,
आणि काड्यांवर जांभळं.
नागड्या काड्यांवर!
पाच पाकळ्या, एक जरा गडद,
तिच्यात शिरा, हाताला उमटतात तशा.
एक शिंजीर उलटा लोंबकळून
एकेका फुलात तोंड घालत होता,
घाई नव्हती त्याला.

खरं सांगते, आधी रागच आला.
पाच वर्षांचं धुण, माझी साडी,
काठी घेऊन बसलेली ती दुपार.
कुणाला विचारायचा याचा हिशेब?

तेवढ्यात फोन.
"आई, आज एकटीने न्हाऊ घातलं.
थोडं पाणी नाकात गेलं त्याच्या.
पण काही झालं नाही. ऐकतेस ना?"
ऐकत होते.
पायरीवर बसून, चपला न काढता.

भिंतीपलीकडून आबा म्हणाले,
"आते दे पानी. आते पोटभर दे."
मी बादली सुलटी केली,
कोळ्याला अलगद भिंतीवर सोडलं,
तोटी फिरवली.

नळ परवा येणार होता.